सहा तासांच्या आत पोहोचणारा माणूस

डोंगरकड्यात किंवा आसपासच्या कुठल्याही गावात घरातले म्हातारे माणूस गेले, की पहिले फोन पुण्याला, मुंबईला, हैदराबादला जातात. लेक निघाली का, धाकटा कुठवर आला, याची चौकशी सुरू होते. अंगणात माणसे जमतात, सरणाची तयारी होते आणि मग सगळे थांबतात. ही थांबण्याची वेळ बहुधा पाच-सहा तासांची असते, कधी त्याहूनही जास्त. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नेमके हेच तास मोलाचे आहेत. हृदय बंद पडल्यानंतर साधारण सहा तासांपर्यंत डोळ्याचा कॉर्निया आणि शरीराची त्वचा काढून घेतली, तर ती दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते.

दु:खाच्या घाईत हे घरच्यांच्या मनातही येत नाही. पण समजा, आले. एखादी नात धीर करून म्हणाली, "आजोबांचे डोळे द्यायचे का?" आणि थोरल्या काकांनी मान हलवली. पुढे काय? फोन कुणाला करायचा, कोण येणार, किती वेळात येणार आणि आल्यावर नक्की काय करणार? नेत्रदानाची आवाहने आपण दर वर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या पंधरवड्यात ऐकतो. देणारा आणि घेणारा यांच्यामधल्या माणसाबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. आजचा लेख त्या मधल्या माणसाबद्दल आहे. हे काम आपल्याकडचा बारावी विज्ञान झालेला मुलगा किंवा मुलगी शिकू शकते, हेही त्यात सांगायचे आहे.

अवयव वेगळा, ऊती वेगळी

मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव. मृत्यूनंतर ते द्यायचे तर मेंदूमृत्यू रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, श्वास यंत्रावर चालू असताना व्हावा लागतो. घरी गेलेल्या माणसाचे अवयव घेता येत नाहीत. कॉर्निया, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा या ऊती. हृदय थांबल्यानंतरही त्या काही तास टिकतात. कायद्यानुसार डोळे तर कुठेही काढता येतात, म्हणजे घरीसुद्धा. त्यामुळे अवयवदान हा मोठ्या शहराचा विषय राहिला, तरी ऊतीदान हा गावाचाही विषय आहे.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो सुरुवातीलाच लागू करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. २०११ च्या दुरुस्तीने कायद्याच्या नावात 'ऊती' हा शब्द आला आणि त्याबरोबर एक छोटी पण महत्त्वाची सोय झाली. पूर्वी डोळे काढण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत डॉक्टरांना होता. आता ठरवून दिलेली पात्रता आणि प्रशिक्षण असलेला तंत्रज्ञही कॉर्निया काढू शकतो. रात्री दोन वाजता नेत्रतज्ज्ञ डॉक्टर गावात येणे अवघड, पण शिकलेला तंत्रज्ञ येऊ शकतो, हा त्यामागचा साधा हिशेब.

फूल पडलेला डोळा

आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडले. बुबुळावरचे काचेसारखे पारदर्शक पटल म्हणजे कॉर्निया. त्याला जखम होऊन जंतू किंवा बुरशी शिरली, तर व्रण भरताना पांढरा डाग राहतो. तेच फूल. हळद, केळी आणि उसाच्या या पट्ट्यात त्याची कारणे शोधायला लांब जायला नको. उसाचे पाचट डोळ्याला लागते, सोयाबीन काढताना मळणी यंत्रातून भुसा उडतो, तुरीची काडी लागते. मग कुणी तेल घालते, कुणी औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणते आणि बुरशी आणखी वाढते. डोळ्याला काडीकचरा लागला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे, हा या लेखातला पहिला सल्ला समजावा.

मोतीबिंदू म्हातारपणी होतो. फूल मात्र कामाच्या वयात पडते. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये अंधत्वाचे पहिले कारण कॉर्नियाची अपारदर्शकता हेच निघाले. त्यांच्यातल्या अंधत्वात त्याचा वाटा ३७.५ टक्के होता. एकदा कॉर्निया पूर्ण पांढरा झाला, की औषध चालत नाही. दुसऱ्या माणसाचा कॉर्नियाच बसवावा लागतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमौत्स गावी हे पहिल्यांदा यशस्वी करून दाखवले. त्यांचा रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला एक मजूर होता. म्हणजे शस्त्रक्रिया शंभर वर्षांहून जुनी आहे. अडते ते कॉर्निया वेळेत मिळण्यापाशी.

पंधरा-वीस मिनिटांचे काम

नेत्रपेढीचा माणूस घरी आला, की पिशवी उघडण्याआधी तो बसतो. काय झाले होते, किती दिवस आजारी होते, हे विचारतो. ही विचारपूस म्हणजे तपासणीही असते. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल, तर डोळे घेता येत नाहीत. मृत्यूचे कारणच कळत नसेल, तरीही नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब यांची मात्र अडचण नसते. पोलिस केस असेल, तर पोलिसांची परवानगी लागते. मग जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती घेतली जाते. गेलेल्या माणसाने आधी अर्ज भरलेला नसला, तरी घरचे संमती देऊ शकतात. त्याने अर्ज भरलेला असला, तरी प्रत्यक्षात घरच्यांच्या होकाराशिवाय कुणी पुढे जात नाही.

त्यानंतर घरातली एखादी खोली किंवा पडदा लावलेला कोपरा पुरतो. हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे घालून, डोळ्याभोवतीचा भाग स्वच्छ करून तंत्रज्ञ कॉर्निया आणि त्याच्याभोवतीची पांढऱ्या भागाची बारीक कड कापून घेतो. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो नाजूक असतो. हात हलला, कॉर्निया दुमडला, की त्या पेशी मरतात. म्हणून हे काम दिसायला लहान असले, तरी त्याला सराव लागतो. कॉर्निया द्रावणाच्या बाटलीत जातो आणि बाटली बर्फाच्या पेटीत. तपासणीसाठी थोडे रक्त घेतले जाते. द्रावणाच्या प्रकारानुसार कॉर्निया चार दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत टिकतो. पेढीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या जातात आणि तो बसवण्याजोगा आहे का, हे ठरते. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तगट जुळवावा लागत नाही. सगळेच कॉर्निया बसवता येत नाहीत. उरलेले प्रशिक्षणाला आणि संशोधनाला उपयोगी पडतात.

शेवटचे काम घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचे. पापणीखाली प्लास्टिकची पातळ वाटी बसवून तंत्रज्ञ डोळे मिटतो. चेहरा झोपलेल्या माणसासारखाच दिसतो. डोळ्यांच्या जागी खड्डे पडतील, ही भीती अनेकांचा होकार अडवते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. पुढच्या जन्मी आंधळे होण्याची भीतीही अजून कानावर येते. तिला कुठल्याही मोठ्या धर्माच्या शिकवणीत आधार नाही. आपल्याकडे तर दधीचींनी आपली हाडे दिल्याची कथा लहानपणापासून सांगतात.

त्वचा आणि हाडांचीही पेढी

जळालेल्या रुग्णाला मृत्यू येतो तो बहुधा उघड्या जखमेतून झिरपणाऱ्या पाण्यामुळे आणि शिरणाऱ्या जंतूंमुळे. निम्मे अंग भाजले, तर झाकायला स्वत:ची त्वचा उरत नाही. अशा वेळी दान केलेली त्वचा दोन-तीन आठवडे जिवंत पट्टीसारखी काम करते, वेदना कमी करते आणि शरीराला सावरायला वेळ देते. हळद शिजवण्याच्या हंगामात उकळते पाणी आणि वाफ यांच्याजवळ काम करणाऱ्या घरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. डॉ. माधुरी गोरे यांनी ती उभी केली. आज ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसह राज्यात आणखीही त्वचापेढ्या आहेत. मांड्या, पाय आणि पाठ यांवरून विजेवर चालणाऱ्या यंत्राने त्वचेचा फक्त वरचा पातळ पापुद्रा घेतात. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचे पथक हे काम पाऊण तासात उरकते आणि अंगाला पट्ट्या बांधून देते. रक्तस्राव होत नाही. ग्लिसरॉलमध्ये, थंड तापमानात ही त्वचा पाच वर्षांपर्यंत ठेवता येते.

हाडांची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून काम करते. तिथे हाडे आणि गर्भपिशवीच्या आतले पातळ आवरण यांवर प्रक्रिया करून, ते वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. हे आवरण बाळंतपणानंतर एरवी टाकूनच दिले जाते. आईच्या संमतीने घेतले, तर ते जखमांवर पट्टी म्हणून वापरतात. हाडांच्या गाठींमुळे पाय कापावा लागला असता अशा काही रुग्णांत पेढीतल्या हाडाने पोकळी भरून काढता येते. अशा पेढीत काम करणारा माणूस घरोघर जात नाही. तो प्रयोगशाळेत असतो. त्याची एक चूक मात्र अनेक रुग्णांपर्यंत पोहोचू शकते, म्हणून प्रत्येक पाकिटाची नोंद देणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत ठेवावी लागते.

हे काम कुणी शिकावे?

या क्षेत्रात ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली समुपदेशक किंवा समन्वयकाची. २०१४ च्या नियमांनुसार प्रत्यारोपण समन्वयक होण्यासाठी वैद्यकाच्या कुठल्याही मान्य शाखेची पदवी, परिचारिकेचे शिक्षण किंवा कुठल्याही विषयातली पदवी चालते. समाजकार्य, समाजशास्त्र यांसारख्या विषयांतली पदव्युत्तर पदवी असेल तर उत्तम. म्हणजे कला शाखेच्या मुलांनाही ही वाट बंद नाही. दुसरी वाट कॉर्निया काढणाऱ्या तंत्रज्ञाची. तिला ऑप्टोमेट्री किंवा नेत्रसहायकाचे शिक्षण आणि त्यावर नेत्रपेढीतले प्रशिक्षण लागते. तिसरी प्रयोगशाळेची, जिथे सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा डीएमएलटी झालेल्यांना जागा असते. प्रशिक्षणासाठी हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था नावाजलेली आहे आणि ती नांदेडकडच्या मुलांना मुंबईपेक्षा जवळ पडते. समन्वयकांना चेन्नईची मोहन फाउंडेशन ही १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्था शिकवते. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसायच आहे. तिथे ऊतीपेढीतल्या आणि नेत्रपेढीतल्या तंत्रज्ञांसाठी वेगवेगळ्या प्रमाणपत्र परीक्षा आहेत.

खरे तेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे या जागा कमी आहेत. बऱ्याच पेढ्या धर्मादाय संस्था चालवतात. फोन रात्री-अपरात्री येतो, दिवाळीच्या दिवशीही येतो. रोज रडणाऱ्या घरात जायचे आणि आपला हात व आवाज स्थिर ठेवायचा, हे प्रत्येकाला जमत नाही. म्हणून मुलांनी आधी ऑप्टोमेट्री, नर्सिंग किंवा प्रयोगशाळेचे मूळ शिक्षण पक्के करावे. त्यावर पोट चालते. ऊतीसंकलनाचे प्रशिक्षण त्याच्यावर चढवावे. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासणाऱ्या माणसाकडे हे कौशल्य असेल, तर त्याचा उपयोग किती वाढेल, याचा विचार करावा.

डोंगरकड्याचा हिशेब

आता अंगणातल्या त्या नातीकडे परत येऊ. नांदेड इथून रस्त्याने साधारण तासाभरावर. घरच्यांचे ठरायला एक तास लागला, फोन आणि तयारीला एक, प्रवासाला एक, असे धरले तरी सहापैकी निम्मे तास उरतात. म्हणजे अंतराने काम अडत नाही. अडते ते नंबर हाताशी नसल्याने आणि प्रशिक्षित माणूस कमी असल्याने. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जिल्ह्यात असे प्रशिक्षण उभे राहण्यासाठी आता एक जागा तरी आहे. ते मागणे हे आपले काम.

तोवर गावाला दोन गोष्टी करता येतात. जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आधीच विचारून ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात लावून ठेवावा. अवयव व ऊतीदानाच्या राष्ट्रीय संस्थेचा १८००-११-४७७० हा मोफत क्रमांकही त्याच्याखाली लिहावा. घरात मृत्यू झाल्यावर दान करायचे ठरले, तर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, वरचा पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी देऊन ते जरा उंच ठेवावे आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा.

मग तो माणूस येईल, अर्ध्या तासात आपले काम करून बर्फाची पेटी घेऊन जाईल. त्यानंतर पुण्याहून निघालेली लेक पोहोचेल, वडिलांच्या तोंडावरून हात फिरवेल. तिला वडिलांचा चेहरा नेहमीसारखाच दिसला, तर त्या माणसाचे काम नीट झाले, असे समजावे.