बोकड परंड्याचा, थाट पुण्याचा

परंड्याहून दोन गोष्टी बाहेर गेल्या आणि नामांकित झाल्या. पहिली मुलूखमैदान तोफ. अहमदनगरास १५४९ साली ओतलेली ही तोफ परंड्याच्या भुईकोटात होती. १६३२ मध्ये ती विजापुरास गेली. दुसरी गोष्ट म्हणजे तिकडची शेळी! जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण ही काळीभोर, लोंबत्या कानांची जात अजून ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. पावसाने पाठ फिरवली तरी बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन ती तग धरते, आणि पुष्कळदा जुळी करडे देते. त्या मुलखात शेळी म्हणजे दावणीला बांधलेली बँकच. अडीनडीला बोकड बाजारात न्यावा आणि रोख पैसे घेऊन घरी यावे.

आमचे दाजी त्याच भागात कोरडवाहू शेती करतात. त्यांच्या मुलाच्या शिक्षणाची फी दरवर्षी बोकडांनीच भरली. मुलगा शिकला, पुण्यात नोकरीला लागला, आणि पहिल्या पगाराच्या आनंदात आईवडिलांना व आम्हां उभयतांना एका बड्या ‘स्टेक हाऊस’मध्ये घेऊन गेला.

‘स्टेक’ म्हणजे मांसाचा जाड काप प्रखर आचेवर झटपट भाजून देणे. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः गाईबैलांच्या मांसाचा असतो. महाराष्ट्रात २०१५ च्या मार्चपासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणून इकडची अशी हॉटेले म्हैस, बोकड, कोंबडी, मासळी यांवर तो थाट उभा करतात. त्या हॉटेलच्या कार्डावर ठळक अक्षरांत होते : ‘उस्मानाबादी चॉप्स’. ते वाचून अक्काच्या चेहऱ्यावर माहेरचे माणूस भेटल्यासारखा आनंद उमटला.

वेटरने अदबीने विचारले, “मीडियम आणू की वेलडन?”

“म्हणजे काय?” दाजींनी विचारले.

“म्हणजे, आतून किती शिजवायचे?”

“शिजेपर्यंत,” दाजी म्हणाले.

आले ते असे : पांढऱ्या भल्या मोठ्या बशीत चार बरगड्या, दोन हिरवी पाने आणि कसल्याशा सॉसचा एक ठिपका. बाहेरून करपलेले, आतून लालसर, आणि चावू जाता चामड्याशी स्पर्धा करणारे! अक्काने पहिल्या घासानंतर सुरी खाली ठेवली. दाजी मात्र चकार शब्द न काढता चारी बरगड्या संपवून मोकळे झाले. मुलगा समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होता ना! बिल आले तेव्हा त्यांनी हळूच माझ्याकडे कलून एवढेच म्हटले, “एवढ्यात अख्खा बोकड आला असता.”

दोष बोकडाचा नव्हे!

स्टेकची रीत ज्या जनावरासाठी निघाली ते मोठे, भरपूर खुराकावर पोसलेले. त्याच्या पाठीचे स्नायू फारसे राबत नाहीत आणि त्यांच्या धाग्यांमध्ये चरबी असते. भाजताना ती वितळून मांस ओलसर ठेवते. शिवाय ते मांस थंड जागी कित्येक दिवस मुरवतात. उस्मानाबादी बोकड चाऱ्यासाठी रानोमाळ हिंडणारा. त्याच्या मांसात चरबी बेताची, चिवट तंतू अधिक. प्रखर आचेवर ते आक्रसते आणि कोरडे पडते. तेच मांस मंद आचेवर, ओलाव्यात, निवांत शिजवले की चिवट तंतू विरघळतात आणि रश्श्याला दाटपणा येतो.

परंड्याच्या चुलीला हे शास्त्र पुस्तकावाचून ठाऊक आहे. हळद, मीठ, आले-लसूण लावून मटण आपल्याच पाण्यात परतायचे. झाकणीवर पाणी ठेवायचे आणि तेच तापलेले पाणी लागेल तसे आत सोडायचे. शिजत आले की अळणी रस्सा वाटीत काढून आधी मुलाबाळांना द्यायचा. मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण, काळा मसाला, आणि जोडीला ज्वारीची गरम भाकरी. या रीतीत घाई बसत नाही, आणि ती बड्या बशीत शोभूनही दिसत नाही!

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी या जातीच्या सुधारणेसाठी जाणत्यांनी कष्ट घेतले. आणि गावोगावच्या बायाबापड्यांनी दुष्काळातही तिला जगवले. तिच्या नावावर शहरात चढा भाव लागत असेल तर आनंदच आहे. त्या नावाची आब मात्र राखली पाहिजे. कार्डावर ‘उस्मानाबादी’ दिसले की, मंडळी, भाव विचारण्याआधी ते किती वेळ शिजवले, हे विचारा. नाव ऐकून दिपून जाऊ नका.

शेवटी काय, तोफ नेणाऱ्याला ती डागता आली पाहिजे, आणि बोकड नेणाऱ्याला तो शिजवता!