नखं मोजू नका, लस टोचा

लोणार तालुक्यातलं सुलतानपूर असो की मेहकरकडचं एखादं खेडं, कुत्र्याला वीस नखं असली की तो चावरा, असं मानणारे आजही भेटतात. बहुतेक कुत्र्यांना अठराच नखं असतात. मागच्या पायांना आतल्या बाजूनं एकेक जादा बोट आलं की ती वीस भरतात. हे बोट आनुवंशिक आहे, स्वभावाशी त्याचा संबंध नाही.

शहरांत हाच समज जातीवर बेतलेला आहे. पिटबुल, रॉटवायलर ही नावं ऐकली तरी लोक धास्तावतात. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं 12 मार्च 2024 रोजी अशा 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास राज्यांना कळवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द ठरवलं.

पिटबुलचा जबडा चावल्यावर अडकून बसतो, हाही गैरसमज. तशी कुठलीही कळ त्याच्या जबड्यात नसते. ‘सायन्स’ नियतकालिकात 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 18,385 कुत्र्यांची माहिती मालकांकडून घेतली गेली आणि 2,155 कुत्र्यांचे जनुकसंच तपासले गेले. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता आला. डिवचल्यावर अंगावर येण्याच्या वृत्तीशी तर जातीचा संबंध फारच थोडा निघाला.

थोराड कुत्र्याच्या चाव्यानं इजा जास्त होते, हे खरंच. पण तो चावण्यापर्यंत का पोचतो? अमेरिकेत 2000 ते 2009 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या 256 मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यातल्या 84 टक्के प्रकरणांत कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती. 76 टक्के प्रकरणांत ती माणसांच्या रोजच्या सहवासापासून तोडलेली होती. कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला दिवसभर साखळीनं बांधणारे नेमका हाच धोका पोसतात. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असताना माणसं, मुलं, गुरं यांच्यात वावरलं, तर त्याची भीती मोडते. घाबरलेला कुत्राच बहुधा चावतो.

रेबीज मात्र जात बघत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून गावठी असो वा विलायती, आपल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचा. कुत्रा चावलाच, तर जखमेवर तिखट किंवा चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा.