कायदा पास झाला, पण लागू कधी झाला?

घर घेताना, विल करताना, व्हिसाचा अर्ज भरताना आपला वकिलाशी कधी ना कधी संबंध येतोच. काम बिघडलं तर दाद कुठे मागायची, हे मात्र आपण काम बिघडल्यावर शोधू लागतो. आज ते आधीच समजून घेऊ.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पूर्वी सॉलिसिटरविरुद्धची तक्रार लॉ सोसायटीकडे, म्हणजे त्यांच्याच संघटनेकडे जायची. या कामावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कमिशनर झाहिदा मंझूर यांचं कार्यालय आपल्या लीड्समध्येच होतं. तक्रारी निकालात काढण्याची योजना अपुरी आहे म्हणून त्यांनी २००६ मध्ये लॉ सोसायटीला अडीच लाख पौंडांचा दंड केला होता.

पुढे नवा कायदा आला, लीगल सर्व्हिसेस ॲक्ट. ३० ऑक्टोबर २००७ रोजी त्याला राणीची संमती मिळाली. पण म्हणून दुसऱ्या दिवशी काही बदललं नाही. संसदेनं मंजूर केलेल्या कायद्याची कलमं अनेकदा सरकारी आदेशानं टप्प्याटप्प्यानं लागू होतात. आधी कार्यालयं उभी राहावी लागतात, माणसं नेमावी लागतात, नियम ठरावे लागतात. लीगल सर्व्हिसेस बोर्डाचं काम पूर्णपणे सुरू झालं १ जानेवारी २०१० ला, आणि तक्रारी ऐकणारा स्वतंत्र लीगल ऑम्बड्समन आला ६ ऑक्टोबर २०१० ला. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी.

भारतात तर याहून मोठं उदाहरण आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ चा. वकिलाला देशभर वकिली करण्याचा हक्क देणारं त्याचं कलम ३० लागू झालं १५ जून २०११ रोजी. मधे पन्नास वर्षं गेली! म्हणून बातमीत ‘कायदा मंजूर’ ऐकलंत, तर पुढचा प्रश्न विचारा: आपल्याला हवं ते कलम लागू झालंय का?

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: आपलं काम या कायद्याच्या कक्षेत येतं का? कोर्टात दावा चालवणं, घराच्या हस्तांतरणाचा दस्त करणं, प्रोबेटची कागदपत्रं तयार करणं अशी काही कामं पैसे घेऊन करायची, तर त्यासाठी अधिकृत परवानगी लागते. विल लिहून देणं मात्र त्या यादीत नाही. ते कुणीही पैसे घेऊन करू शकतो. २०१३ मध्ये बोर्डानं तेही यादीत घ्यावं अशी शिफारस केली होती. सरकारनं ती नाकारली.

याचा परिणाम थेट आपल्या घरात जाणवू शकतो. सॉलिसिटरनं केलेल्या विलमध्ये चूक निघाली, तर ऑम्बड्समनकडे जाता येतं. कुठल्याही नियामकाखाली नसलेल्या विल-रायटरनं ती केली असेल, तर तो रस्ता बंद असतो. आणि विलमधली चूक बहुधा तेव्हाच कळते, जेव्हा विल करणारा माणूस ती सुधारायला उरलेला नसतो.

तेव्हा पैसे देण्याआधी विचारा, ‘तुमचा नियामक कोण?’ सॉलिसिटरचं नाव सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या वेबसाइटवर फुकट तपासता येतं. व्हिसाचा सल्ला देणारा वकील नसेल, तर त्याची इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी आहे का, ते बघा. ओळखीचा आहे, आपल्या मंडळातला आहे, एवढ्यावर भागवू नका.

तक्रार करायचीच झाली, तर आधी त्या फर्मकडे लेखी करा. उत्तरासाठी त्यांना आठ आठवडे द्या. समाधान झालं नाही, तर ऑम्बड्समनकडे जा. त्याची फी नसते. फर्मच्या अंतिम उत्तरानंतर सहा महिने मिळतात. पण एप्रिल २०२३ पासून आणखी एक मुदत आहे: चूक घडल्यापासून किंवा ती लक्षात आल्यापासून साधारण एक वर्ष. म्हणून ‘बघू नंतर’ म्हणू नका. पत्रं, ईमेल, पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि पहिलं पत्र याच आठवड्यात पाठवा.