मोहरीतला धोत्रा ओळखा

शेंदूरजनाघाटच्या संत्रा बागांच्या धुऱ्यावर, पडीत वावरात आणि रस्त्याच्या कडेला हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत एक काटेरी झाड पिवळ्या फुलांनी भरलेले दिसते. निळसर हिरवी पाने, पानांवर पांढऱ्या शिरा, कडेला काटे, आणि काडी मोडली की पिवळा चीक. यालाच पिवळा धोत्रा म्हणतात, कुणी काटेधोत्रा म्हणतात, कुणी दारुडी. निंदणाला जाणाऱ्या आपल्या माय-बहिणींच्या हाताला त्याचे काटे ओळखीचे आहेत. त्याचे बी मात्र फार थोड्यांनी निरखून पाहिले असेल, आणि घात त्या बियातच आहे.

हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. मोहरीशी त्याचे नाते नाही, ते खसखशीच्या कुळातले. पण त्याची काटेरी बोंडे पिकून फुटली की जे काळे, बारीक, गोलसर बी सांडते ते राईसारखेच दिसते. मोहरीच्या शेतात हे तण असेल तर कापणी-मळणीत बी आपोआप मिसळते. कधी व्यापारी जाणूनबुजून मिसळतो, कारण हे बी फुकटचे असते. एकत्र घाण्यात गेले की तेल दिसायला मोहरीचेच.

या बियाच्या तेलात सँग्विनारीन नावाचे विष असते. मोहरीच्या तेलात शंभरात एक भाग धोत्र्याचे तेल असले तरी माणसे आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. या आजाराला डॉक्टर एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात. त्याची पहिली मोठी साथ 1877 साली कलकत्त्यात नोंदली गेली. 1998 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीत सुमारे तीन हजार लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक दगावले. सुटे, स्वस्त तेल घेणाऱ्या घरांना अशा भेसळीचा धोका जास्त, म्हणून हा विषय आपल्या वस्तीचा आहे.

आता बी ओळखायचे कसे? मोहरी पांढऱ्या ताटलीत पातळ पसरवा आणि उन्हात पाहा. मोहरीचा दाणा गोल आणि बऱ्यापैकी गुळगुळीत असतो, बोटाखाली घरंगळतो. धोत्र्याचा दाणा जास्त काळा, खरबरीत, बारीक खळग्या-खळग्यांचा, आणि नीट पाहिला तर पुरता गोल नसतो. शंका आलेले दाणे वेगळे काढून पांढऱ्या कागदावर ठेवा व वाटीच्या बुडाने चिरडा. मोहरी आतून पिवळी निघते. धोत्रा आतून पांढरा निघतो. ही खूण सगळ्यांत भरवशाची. मोहरी पाण्याचा थेंब टाकून चुरडली तर नाकाला झणझणते, धोत्र्याला तो वास नाही. चव घेऊन मात्र पाहू नका. ही पाखड विहारात रविवारच्या वंदनेनंतर चार बायांनी मिळून केली तर म्हाताऱ्या नजरेलाही तरण्या डोळ्यांची मदत होते.

फोडणीत आपण चिमूटभर मोहरी टाकतो, त्यात एखादा दाणा गेला म्हणून घाबरू नका. खरी भीती तेलाची. लोणच्यासाठी किंवा बाळाच्या मालिशीसाठी सुटे मोहरीचे तेल आणले तर ते नजरेने तपासता येत नाही. तेल तपासायला तीव्र नायट्रिक आम्ल लागते, ते काम प्रयोगशाळेचे. अंगावरच्या दुधावर असलेली बाळे या आजारातून सहसा वाचतात, पण मालिशीचे विषारी तेल कातडीतून शरीरात गेल्याची उदाहरणे आहेत. म्हणून बाळासाठी सीलबंद तेलच घ्या. 2011 च्या नियमांप्रमाणे खाद्यतेल बंद पॅकिंगमध्येच विकायचे असते, राज्य सरकारने खास सूट दिली असेल तेवढी गोष्ट वेगळी. 14 एप्रिलच्या भोजनदानाला तेल आणणाऱ्या मंडळांनी तर हे आवर्जून पाहावे. एका डब्यातले तेल सगळ्या वस्तीच्या पोटात जाते.

धोत्र्याचा चीक डोळ्यांत घालण्याचा जुना उपाय अजून कुणी सांगतो. तो करू नका.

आजाराची खूण अशी: आधी मळमळ, उलटी, जुलाब, मग दोन्ही पायांवर सूज. बोटाने दाबले की खड्डा राहतो. कातडी लालसर दिसते, चालताना दम लागतो. पुढे हृदय थकते, डोळ्यांत काचबिंदू होऊ शकतो. एकाच घरातल्या तीन-चार जणांचे पाय एकाच वेळी सुजले तर बाहेरची बाधा, करणी असले काही शोधत बसू नका. ते तेल त्याच दिवशी बंद करा. या विषावर उतारा नाही, पण तेल थांबले आणि हृदयावर वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रोगी बरे होतात. वरूडच्या सरकारी दवाखान्यात जाताना उरलेले तेल आणि मोहरीची पुडी सोबत न्या, फेकू नका. दुकानाची पावती असेल तर तीही ठेवा. अमरावतीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना हाच पुरावा लागतो.