संगणक आणि पावलें मोजणारी मोटर



लांकूड, प्लॅस्टिक किंवा अल्युमिनिअम यांवर संगणकाच्या आज्ञेनें नक्षी कोरणारीं लहान यंत्रें आतां केवळ कारखान्यांतच दिसतात असें नाहीं. हौशी मंडळी घरच्या टेबलावर तीं स्वतः जुळवितात. सीएनसी हें त्यांचें नांव पुष्कळांच्या कानांवर असेल. संगणकानें अंकांच्या आधारें चालविलेलें यंत्र एवढाच त्याचा अर्थ. असलें यंत्र प्रथमच पाहणारास वाटतें कीं, कोरणारें हत्यार कोठें आहे हें संगणक क्षणोक्षणीं पाहत असला पाहिजे. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. बहुतेक घरगुती यंत्रांत संगणकाला हत्याराचा ठावठिकाणा मुळींच कळत नाहीं. डोळे बांधलेल्या माणसानें ओळखीच्या घरांत पावलें मोजीत फिरावें, तसा त्याचा व्यवहार चालतो. मोजलेलें प्रत्येक पाऊल पडलेंच, असें तो धरून चालतो. हा विश्वास कशावर उभा आहे आणि तो केव्हां ढळतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम मोटर पाहूं. घरांतील पंख्याच्या मोटरीस वीज मिळाली कीं ती फिरूं लागते आणि वीज तुटली कीं केव्हां तरी थांबते. मधल्या काळांत ती किती फिरली याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. स्टेपर मोटरीची जात निराळी. तिच्या फिरणाऱ्या भागांत, म्हणजे रोटरमध्यें, एक कायमचा लोहचुंबक असतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांस दांतेरी पोलादी टोप्या बसविलेल्या असतात. प्रत्येक टोपीवर ५० दांते; आणि एका टोपीचे दांते दुसरीच्या खाचांसमोर येतील अशी त्यांची मांडणी. बाहेरच्या स्थिर भागावर तारेच्या वेटोळ्यांचे दोन संच असतात. पहिल्या संचांतून वीज सरळ सोडावी, मग दुसऱ्यांतून सरळ, मग पहिल्यांतून उलट, मग दुसऱ्यांतून उलट. या चार अवस्थांचें एक आवर्तन पुरें झालें कीं रोटर बरोबर एका दांत्याइतका पुढें सरकतो. चार पावलांना एक दांता आणि पन्नास दांत्यांचा एक फेरा. म्हणून एका फेऱ्याचीं पावलें २००, आणि एक पाऊल १.८ अंशांचें. प्रवाह चालू ठेवून अवस्था बदललीच नाहीं, तर मोटर आहे त्याच जागीं घट्ट धरून बसते. पंख्याच्या मोटरीला हें साधत नाहीं.

या मोटरीच्या आंसाला आट्यांचा लांब दांडा जोडतात. दांड्याच्या एका फेऱ्यांत त्यावरील नट ५ मिलिमीटर सरकतें असें धरूं. तर एका पावलाला ०.०२५ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग. याहून बारीक चाल हवी असल्यास दोन्ही संचांतील प्रवाह एकदम न बदलतां टप्प्याटप्प्यानें कमीअधिक करतात; मग पावलाचे आठ, सोळा किंवा त्याहूनहि अधिक भाग पडतात. जाहिरातींत यालाच सोळापट अचूकता म्हणतात, तें मात्र खरें नव्हे. चाल मऊ होते, थरथर कमी होते, हा लाभ मोठा आहे. परंतु हत्यारावर बोजा असतांना रोटर त्या सूक्ष्म पावलावर नेमका स्थिरावेल अशी खात्री देतां येत नाहीं. आठ भागांचा हिशेब घेतला तर एका फेऱ्यास १६०० आणि एका मिलिमीटरला ३२० स्पंद लागतात. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याची गरज पडेल.

मोटरीला लागणारा प्रवाह संगणक स्वतः देऊं शकत नाहीं. तें काम मधल्या ड्रायव्हर नांवाच्या बोर्डाचें. त्याच्याकडे मुख्यतः दोन तारा येतात. एकीवर येणारा प्रत्येक विद्युत्स्पंद म्हणजे एक पाऊल. दुसरीवर वीज आहे कीं नाहीं यावरून दिशा ठरते. येथें नवख्याला एक कोडें पडतें. मोटरीच्या वेटोळ्याला हिशेबानें तीनएक व्होल्ट पुरावयास पाहिजेत, मग तिच्यासाठीं २४ किंवा ३६ व्होल्टांचा पुरवठा कां घेतात? कारण असें कीं, वेटोळें प्रवाहांतील एकाएकीं होणाऱ्या बदलाला विरोध करतें. पावलें सावकाश पडत असतील तर प्रवाहाला वाढण्यास सवड मिळते. तीं भराभर पडूं लागलीं म्हणजे प्रवाह पुरता चढण्यापूर्वींच अवस्था बदलते आणि मोटरीचा जोर उतरतो. म्हणून व्होल्ट जास्त देऊन प्रवाह झटकन् चढवितात, आणि तो ठरीव मर्यादेस पोहोंचतांच ड्रायव्हर वीज तोडजोड करून त्याला तेथेंच आवरून धरतो. (जातां जातां एक सूचना: वीज चालू असतांना मोटरीची तार ड्रायव्हरपासून उपटूं नये. वेटोळ्यांतील प्रवाह अकस्मात् तुटला म्हणजे उसळणाऱ्या दाबानें ड्रायव्हर जळतो.)

आतां संगणकाकडे वळूं. यंत्राला द्यावयाच्या आज्ञा जी-कोड नांवाच्या त्रोटक भाषेंत लिहितात. ‘जी १ एक्स ३० वाय १० एफ ६००’ याचा अर्थ, मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगानें आडव्या मापांत ३० आणि उभ्या मापांत १० या बिंदूपर्यंत सरळ रेषेंत जा. या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेंतला. जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून आणि तेथील हवाईदलाच्या पैशानें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १९५२ सालीं छिद्रें पाडलेल्या कागदी फितीवर चालणारें पहिलें मिलिंग-यंत्र करून दाखविलें. त्या यंत्रांत हत्यार खरोखर कोठें पोहोंचलें याची उलट वर्दी येण्याची सोय होती, आणि कारखान्यांतील मोठ्या यंत्रांत ती आजहि असते. ती सोय खर्चाची. घरगुती यंत्र स्वस्त पडतें तें मुख्यतः ती वर्दी गाळल्यामुळें.

तिरप्या रेषेंत जावयाचें तर दोन मोटरींचीं पावलें परस्परांशीं मेळ खाऊन पडलीं पाहिजेत. यासाठीं आय. बी. एम. कंपनीतील जॅक ब्रेसनहॅम यांनीं १९६२ च्या सुमारास, कागदावर लेखणीनें रेषा काढणाऱ्या यंत्रासाठीं, एक सुरेख युक्ति काढली. ती १९६५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत अपूर्णांक नाहींत, भागाकार नाहीं. समजा, आडवीं पावलें ७ आणि उभीं ३ टाकावयाचीं आहेत. प्रत्येक आडव्या पावलागणिक खात्यांत ३ जमा करा. जमा ७ किंवा अधिक झाली कीं एक उभें पाऊल टाकून ७ वजा करा. खातें असें चालेल: ३, ६, ९, येथें उभें पाऊल, बाकी २. पुढें ५, ८. पुन्हां उभें पाऊल, बाकी १. मग ४, ७. तिसरें उभें पाऊल, बाकी शून्य. म्हणजे तिसऱ्या, पांचव्या आणि सातव्या आडव्या पावलाबरोबर उभीं पावलें पडलीं व रेषा मुक्कामीं पोहोंचली. मराठी तिसरीच्या मुलाला समजेल असें हें गणित आहे, आणि घरगुती यंत्रांच्या पोटांत तेंच आजहि चालू आहे.

गणित सोपें, तर अडचण कोठें? अडचण वेळेची. हत्यार सेकंदाला ३० मिलिमीटर चालवावयाचें असेल, तर मिलिमीटरला ३२० या हिशेबानें सेकंदास ९,६०० स्पंद झाले. दोन स्पंदांमधील अंतर सुमारें १०४ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागाहून किंचित् अधिक. हे स्पंद नुसते तितके भरून चालत नाहींत, ते समान अंतरानें पडावे लागतात. लेझीम खेळणाऱ्या मुलांपुढें हलगी वाजविणारा मोठा पंडित नसला तरी चालेल, पण त्याचा ठोका वेळेवर पडला पाहिजे. ठोका क्षणभर चुकला आणि मागाहून चार ठोके घाईघाईनें वाजवून संख्या भरून काढली, तर रांग सांवरत नाहीं, मोडते. मोटरीचें असेंच आहे. सेकंदाला सहा फेरे घेणारा दांडा स्पंद न आल्यामुळें मध्येंच थबकूं पाहतो, तोंच दुसरा स्पंद त्याला पूर्ण वेगानें ओढूं पाहतो; लोहचुंबकाची पकड सुटते आणि पावलें गळतात. संगणकाला याचा पत्ता नसतो. त्याचें मोजमाप पुढें चालूच राहतें, आणि येथून पुढचें सर्व कोरीव काम तेवढ्यानें बाजूला पडतें. चार तास चाललेलें सागवानी फळीवरचें काम शेवटच्या अर्ध्या तासांत वांया जातें तें असें.

पर्सनल काँप्युटर हा हुशार खरा, परंतु ठोका धरण्याच्या कामीं बेभरंवशाचा. एकाच वेळीं त्याला पडद्यावरचें चित्र रंगवावयाचें असतें, कळफळकाची दखल घ्यावयाची असते, डिस्कवर लिहावयाचें असतें. अशा गर्दींत सेकंदाचा शंभरावा भाग कोठें गेला, तर पत्र लिहिणाराला तें जाणवतहि नाहीं. आपल्या मोटरीचे मात्र तेवढ्यांत ९६ स्पंद चुकतात. तरीहि अनेक वर्षें हौशी लोकांनीं हेंच काम संगणकाकडून करून घेतलें. त्यासाठीं पूर्वीं छापखान्याची तार जेथें जोडीत, त्या २५ टांचण्यांच्या पॅरलल पोर्टचा उपयोग केला. त्यांतील २ ते ९ या आठ टांचण्यांवर संगणकाला वाटेल तेव्हां ५ व्होल्ट चढवितां किंवा उतरवितां येतात. म्हणजे चार मोटरींचे स्पंद आणि दिशा यांची तजवीज आयतीच झाली. मॅक ३ नांवाचा कार्यक्रम विंडोजच्या पोटांत शिरून, दर सेकंदाला २५,००० वेळां बाकीचीं सर्व कामें बाजूला सारून, स्पंदांचा हिशेब पाहून येई. दुसरा मार्ग अमेरिकन सरकारच्या मापविज्ञान संस्थेंत १९९० नंतरच्या दशकांत जन्मलेल्या, आणि पुढें लिनक्स-सीएनसी या नांवानें वाढलेल्या कार्यक्रमाचा. त्यांत संगणकाच्या मूळ व्यवस्थेंतच असा फेरफार केलेला असतो कीं, ठोक्याची वेळ झाली कीं इतर सर्वांनीं थांबलें पाहिजे. तो वापरण्यापूर्वीं आपला संगणक ठोक्याला किती उशीर करतो याची परीक्षा घेतात. उशीर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आंत राहिला तर संगणक उत्तम. शंभरावर गेला तर त्यानें स्वतः स्पंद देण्याचा नाद सोडावा हें बरें. गंमत अशी कीं, या परीक्षेंत महागडे नवे लॅपटॉप नापास होतात, कारण वीज वांचविण्यासाठीं ते मधूनमधून आपला वेग स्वतःच बदलतात, आणि अडगळींतला जुना संगणक पास होतो.

पुढें पॅरलल पोर्टच नाहींसें झालें. त्याच्या जागीं यूएसबी आलें. यूएसबीचा कारभार टपालासारखा आहे. पत्रें थैलींत भरून ठरलेल्या वेळीं निघतात, आणि साध्या जोडणींत या दोन थैल्यांमधील अंतर सेकंदाचा हजारावा भाग असतें. आपल्या हिशेबानें तेवढ्यांत जवळजवळ दहा स्पंद पडावे लागतात. म्हणून स्पंद या मार्गानें पाठविण्याचा विचारच सोडून देण्यांत आला. संगणकानें केवळ जी-कोडच्या ओळी पाठवाव्या, आणि स्पंद देण्याचें काम यंत्राजवळच्या एका लहान चिपेनें करावें, अशी वांटणी झाली. यासाठीं नॉर्वेच्या सीमेन स्वाले स्कोग्सरुड यांनीं २००९ सालीं जीआरबीएल नांवाचा कार्यक्रम लिहून सर्वांना मोकळा केला. तो आर्डुइनो ऊनो या पत्त्याएवढ्या बोर्डावर चालतो. त्यावरील चिपेची चालती स्मृति अवघी २,०४८ अक्षरांची, वेग सेकंदाला १ कोटि ६० लक्ष ठोक्यांचा. घरच्या संगणकाचा वेग याच्या शंभराहून अधिक पट. पण या चिपेला दुसरें कामच नाहीं. पडदा नाहीं, पाहुणे नाहींत. ती सेकंदाला ३०,००० पर्यंत स्पंद वेळेवर देते, पुढच्या कांहीं ओळी आधींच वाचून वळणापूर्वीं वेग कमी करते, आणि सुरुवातीला मोटरीला एकदम न दामटतां हळूहळू वेगावर आणते. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. कारण स्पंद कितीहि वेळेवर आले, तरी जड सांगाडा एका क्षणांत पूर्ण वेग घेऊं शकत नाहीं, आणि पावलें तेथेंहि गळतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत हीं बोर्डें मिळतात.

यंत्र जुळविल्यावर धंद्याचें लांकूड लावण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. हत्याराच्या जागीं टोंकदार पेन्सिल बसवून खालीं कागद चिकटवावा, एक टिंब काढावें, आणि यंत्राला शंभर वेळां लांब पाठवून त्याच टिंबावर परत आणावें. पेन्सिल चुकली, तर ती किती व कशी चुकली यावरून दोष ओळखतां येतो. पाठविलेल्या अंतराच्या प्रमाणांत माप कमीजास्त येत असेल, तर मिलिमीटरला किती स्पंद हा आंकडाच चुकीचा भरलेला आहे. फक्त दिशा उलटतांना ठरावीक फरक पडत असेल, तर नट आणि दांडा यांमध्यें ढिलेपणा आहे. मोटरीला दोष देऊं नये. परंतु फरक दर फेरीस साचत जात असेल आणि तो ०.१, ०.२, ०.३ अशा टप्प्यांनीं वाढत असेल, तर पावलेंच गळत आहेत. कारण पकड सुटलेला रोटर मधल्या कोठल्याहि जागीं थांबत नाहीं, तो पुढच्या किंवा मागच्या दांत्यावरच जाऊन बसतो. दांता म्हणजे चार पावलें, आणि चार पावलें म्हणजे आपल्या दांड्यावर ०.१ मिलिमीटर. अशा वेळीं प्रथम वेगवाढीचा आंकडा निम्मा करून पाहावा, नंतर वेगाचा. त्यानेंहि भागलें नाहीं तर ड्रायव्हरवरील प्रवाहाची मर्यादा मोटरीवर लिहिलेल्या आंकड्याशीं ताडून पाहावी. आणि या सर्व खटपटीच्या आधीं एक मोठें तांबडें बटण हाताशीं बसवून घ्यावें. तें संगणकाला विनंती करणारें नसावें, मोटरींचा व कोरणाऱ्या हत्याराचा वीजपुरवठा सरळ तोडणारें असावें.