लाकडाच्या कलाने घडणारी खुर्ची

विंडसर खुर्चीचा आराखडा बैठकीच्या फळीपासून सुरू करावा. आपल्या नेहमीच्या लाकडी खुर्चीत मागचे दोन पायच वर जाऊन पाठ होतात. अठराव्या शतकापासून इंग्लंडमध्ये घडत आलेल्या या खुर्चीत पाय खालून आणि पाठीच्या काड्या वरून, सगळे फळीतच ठोकलेले असते. बैलगाडीच्या चाकातले आरे तुंब्यात बसतात, तसेच. म्हणून फळी साधारण दोन इंच जाड हवी आणि सहजी चिरणारी नको. इंग्लिश सुतार त्यासाठी एल्म निवडत. त्याचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात की कडेजवळ भोक पाडले तरी फळी सहसा फुटत नाही. बैठकीचा खोलगटपणा वाकसाने तासून काढतात.

पायांना मात्र सरळ तंतूच लागतात. त्यासाठी बीचचा ओंडका करवतीने न कापता पाचर मारून फोडतात. करवत आखलेल्या रेघेवर चालते आणि वाटेत येणारे तंतू तोडत जाते. पाचर तंतूंच्याच वाटेने जाते. त्यामुळे पाय सडपातळ ठेवला तरी भार सोसतो. हाय विकमजवळच्या चिल्टर्न टेकड्यांमध्ये ‘बॉजर’ नावाचे कातारी रानातच ओल्या लाकडाचे पाय कातून खुर्ची-कारखान्यांना विकत.

पाठीची कमान अ‍ॅशची. तिला वाफ द्यायची, जाडीच्या दर इंचाला सुमारे एक तास. बाहेर काढल्यावर रेंगाळून चालत नाही. लाकूड थंड व्हायच्या आत ती साच्यावर वाकवून अडकवावी लागते.

या खुर्चीचे खरे मर्म सांध्यात आहे, आणि मला ते फार देखणे वाटते. पायाचे कुसू, म्हणजे फळीच्या भोकात बसणारे टोक, गरम वाळूत ठेवून अगदी कोरडे करतात. फळीत मात्र थोडी ओल राहू देतात. जोडल्यावर कुसू हवेतली आणि फळीतली ओल पिऊन फुगते, फळी सुकत आक्रसते, आणि सांधा आवळला जातो. भोक वरच्या बाजूला निमुळते असते, म्हणून माणूस बसेल तसा पाय आणखी घट्ट रुततो. वर डोकावणाऱ्या कुसवाला चीर देऊन पाचर ठोकतात. ती फळीच्या तंतूंना आडवीच हवी. तंतूंच्या दिशेने ठोकली, तर एल्मसुद्धा उकलू शकतो.

पायांमधल्या आडव्या दांड्या मोजलेल्या अंतरापेक्षा किंचित लांब ठेवतात. त्या पायांना बाहेर रेटत राहतात, त्यामुळे सांधे ताणात राहून खुळखुळत नाहीत. मग खुर्ची सपाट पाटावर ठेवून पायांची टोके एका पातळीत कापायची. मागचे पाय थोडे आखूड ठेवतात, म्हणजे बैठक मागे झुकते आणि बसणारा पुढे घसरत नाही.