भिंतीवरचा भार

घरात माणसे वाढली, की जागा अपुरी पडू लागते. मग मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करावी, असे घरमालकास वाटते. पण प्रत्येक भिंत हा नुसता आडोसा नसतो. कित्येक भिंती छताचा आणि वरच्या मजल्यांचा भार मुकाट्याने झेलून तो पायाकडे पोचवीत असतात. अशा भिंतीस ‘भारवाही भिंत’ म्हणतात.

ती ओळखावी कशी? प्रथम वर पाहावे. तुळयांची टोके भिंतीवर टेकलेली असली, किंवा वरच्या मजल्यावर तिच्याच रेषेत दुसरी भिंत असली, तर ती भारवाही असण्याचा संभव मोठा. काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत मात्र भार खांब व तुळया वाहतात. तेथील मधली पातळ भिंत बहुधा केवळ आडभिंत असते. तरीही नुसत्या जाडीवरून निर्णय करू नये. गिलाव्याआड एखादा खांबही दडलेला असू शकतो. म्हणून मूळ नकाशा पाहून अभियंत्याकडून तपासणी करवावी. भारवाही भिंत काढणे आवश्यकच असेल, तर आधी छतास टेकू देऊन तिच्या जागी भक्कम तुळई बसवावी लागते.

२५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक बहुमजली इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते.

भार डोळ्यांस दिसत नाही. म्हणूनच पहार उचलण्यापूर्वी ही भिंत कोणाला सावरून उभी आहे, याचा विचार केला पाहिजे.